भावा, दम धर

मी कोल्हापुरात एका प्राण्यांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. डॉक्टर नाही. कुत्रं धरायचं, सलाईन लावायला मदत करायची, नखं कापायची, फरशी पुसायची, आणि "आमचा चावत नाही ओ मॅडम" म्हणणाऱ्या मालकांकडं बघून गप हसायचं, हे माझं काम. (लिहिताना 'करते, गेले' लिहितेय, बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो, ते पुढं कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.)

एप्रिलमध्ये रेस्क्यूची पोरं एक इंग्लिश बुलडॉगची मादी घेऊन आली. गावाबाहेर उसाच्या फडाकडेला कुणीतरी बांधून गेलं होतं. वजन १७ किलो, खरं तर २२-२३ तरी पाहिजे. दात बघून डॉक्टर म्हणाले पाचेक वर्षांची असेल. पोटावर सिझरचे टाके, एकावर एक, आणि सड लोंबलेले, त्यामुळं कुठून आली असेल ते कुणाला विचारायची गरजच नव्हती. बुलडॉगच्या पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर बारीक, म्हणून बहुतेक बाळंतपणं सिझरनंच होतात. पिल्लं महाग विकायची आणि आईचं पोट परत परत फाडायचं. ब्रीडिंग करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केलीच पाहिजे असा २०१७ चा नियम आहे, पण उसाच्या फडात कोण बघाय जातंय.

तिच्या तोंडावरच्या घड्या मी पहिल्यांदा साफ केल्या तो वास अजून नाकात आहे. नाकावरची जाड घडी बोटानं वर उचलली तर आत तपकिरी चिकट थर आणि खाली लालभडक कातडं, ओल राहून राहून कुजलेलं. शेपटीच्या बुडाशी पण तसाच एक खळगा असतो, बऱ्याच मालकांना तो माहीतच नसतो. ओल्या कापसानं पुसायचं आणि मग कोरड्या कापडानं टिपायचं, हे टिपायचं महत्त्वाचं, ते राहिलं की सगळं मुसळ केरात. दीड-दोन आठवडे रोज दोनदा केलं. ती एकदाही गुरगुरली नाही, फक्त डोळे मिटून उभी राहायची, जणू हे पण संपेल एकदाचं. मला ते गुरगुरण्यापेक्षा जास्त लागायचं.

नाव काय ठेवायचं यावर आमच्यात दोन दिवस वाद. रोझी, राणी, ब्राउनी, कशालाच ती कान हलवेना. एक दिवस औषधं घेऊन आलेला पोऱ्या दारातनं ओरडला, "भावा, बॉक्स कुठं ठेवू?" आणि हिनं मान वळवली. परत म्हणून बघितलं, परत वळवली. झालं, मादी असून नाव भावा. आम्ही बायका गेलो-आलो म्हणतो तर हिला भावा म्हटलं म्हणून काय बिघडलं.

मग आले वस्ताद. मंगळवार पेठेत राहतात, एके काळी खासबागच्या मैदानात कुस्त्या मारलेल्या, आता पोरांना शिकवतात. तालमीपुढच्या गावठी कुत्र्याला रेबीजची लस द्यायला आणलं होतं, तर पिंजऱ्यातल्या भावासमोर उकिडवे बसले ते उठेचनात. "हिचं कान कुणी मोडलं?" म्हणाले. मी सांगितलं या जातीचे कान असेच दुमडलेले असतात. तर स्वतःच्या सुजून गड्डा झालेल्या कानाला हात लावून म्हणाले, "मग आमचीच की ही."

आम्ही घर बघून आलो. वस्तादांच्या बायको, काकू, बऱ्या वाटल्या, जास्त बोलत नव्हत्या पण पाण्याचं भांडं आधीच आणून ठेवलेलं. कागदावर सगळं लिहून दिलं: फिरवायचं तर पहाटे उजाडायच्या आत नाहीतर रात्री, तेही दहा मिनिटं, गळ्यात पट्टा नको हार्नेस घाला, दूध नको, घड्या कोरड्या ठेवा. वस्तादांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, भावाला दोन हातांवर उचललं आणि निघाले. ते वाचतील असं मी धरून चालले. माझं अक्षर बारीक, त्यात निम्मे शब्द इंग्लिश औषधांचे, आणि वस्तादांचा चष्मा घरी. समोर बसवून तोंडानं सांगायला पाचच मिनिटं लागली असती, पण बाहेर चार लोक थांबलेले.

हे शुक्रवारचं. मंगळवारी सकाळी पावणेअकराला रिक्षा दारात येऊन आडवी थांबली आणि वस्ताद आत आले, खांद्यावर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली भावा. ती जो आवाज काढत होती तो ऐकला की आमच्या लाईनमधल्या कुणाचंही पोट खड्ड्यात जातं, घोरणं नाही, करवतीनं ओलं लाकूड कापल्यासारखा, आणि जीभ जांभळी. "पोरी, बघ गं हिला, दमच घेता येईना झालाय," एवढंच म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस पण खांदा हलला नाही, हात मात्र थरथरत होते.

थर्मामीटर लावला. १०७.१. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५. मी आकडा मोठ्यानं सांगितला आणि डॉक्टर हातातली मांजर मालकिणीच्या मांडीवर तशीच ठेवून पळत आले.

पहिलं काम म्हणजे तो टॉवेल काढला. सगळे प्रेमापोटी हीच चूक करतात. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला की थोड्या वेळात तोच गरम होतो आणि अंगातली उष्णता कोंडून धरतो. फरशीवर आडवी केली, नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहिलो आणि टेबलफॅन थेट अंगावर. तोंडाला ऑक्सिजन, पुढच्या पायाला सलाईन, सूज उतरायचं इंजेक्शन. वस्ताद म्हणाले बर्फ आणू का, कोपऱ्यावर रसवंती आहे. डॉक्टरांनी मान हलवली, बर्फानं कातडीखालच्या शिरा आखडतात म्हणून ते वापरत नाहीत.

कुत्र्याला माणसासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. बुलडॉगच्या नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा, आणि टाळूचा मागचा मऊ भाग लांब, तो घशात लोंबतो. त्यामुळं जोरात धापा टाकायला लागला की घसा सुजतो, सुजला की हवा कमी जाते, मग आणखी जोरात धापा. थंड व्हायची यंत्रणाच गळा दाबते. ही जात एके काळी इंग्लंडात बैलावर सोडायचे, १८३५ मध्ये तिथं कायद्यानं ते बंद झालं, आणि मग लोकांनी दिसायला गोड म्हणून तोंड आखूड आखूड करत आणलं. आजच्या बुलडॉगला बैल राहू दे, रंकाळ्याला चालत एक फेरी झेपत नाही.

आणि वस्तादांनी नेमकं तेच केलेलं. फरशीवर पाणी ओतता ओतता मी विचारलं तेव्हा कळलं. सकाळी आठला निघून रंकाळा, तिथनं परत चालत. "दम वाढवाय पाहिजे म्हटलं. नवीन पोरगं तालमीत आलं की आधी दमच बघतो आम्ही." आदल्या रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजलेलं, त्यानं रात्रभर जुलाब, म्हणजे अंगात पाणीच नाही. आणि घरी पोचली तर गल्लीत मे महिन्याचा चटणीचा, म्हणजे वर्षाच्या तिखट-मसाल्याचा घाट, दारोदारी मिरच्या भाजणं चाललेलं, शेजारी मिरची कुटायचा डंक सुरू. माणसांना ठसका लागतोय तिथं हिच्या सुजलेल्या घशाचं काय झालं असेल.

दर दोन-तीन मिनिटांनी थर्मामीटर. १०६.४. १०५.२. मध्ये एकदा तिचे डोळे वर गेले आणि पाय ताणले, तेव्हा वस्ताद भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग १०४.३. मग १०३.२, आणि डॉक्टर म्हणाले बास, पाणी बंद, फॅन बाजूला. इथं थांबावं लागतं, नाहीतर ताप उतरता उतरता अंग पार गार पडतं. जीभ जांभळ्याची गुलाबी व्हायला लागली होती. मी घड्याळ बघितलं तर सव्वाअकरा. मला वाटलेलं दुपार झाली.

धोका टळला असं मात्र कुणी म्हणालं नाही. उष्माघातात किडनी, आतडी, रक्त गोठणं, सगळं दोन-तीन दिवसांनी पण बिघडू शकतं. दुसऱ्या दिवशी तिला शीतून रक्त आलंच. तीन दिवस ठेवली. वस्ताद सकाळ-संध्याकाळ यायचे, पिंजऱ्यासमोर बसायचे, बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "माझ्याकडं नको देऊस परत. मला कळत न्हाई हिच्यातलं."

मी उत्तर द्यायच्या आत मागनं काकू म्हणाल्या, "तुमच्याकडं कोण देतंय? माझ्याकडं द्यालेत." आणि पिशवीतनं माझाच कागद काढला. तो त्यांनी शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडनं मोठ्या मराठी अक्षरात परत लिहून घेतलेला.

या वेळी मी कागद दिला नाही, घरी जाऊन बसले, तासभर. आणि तेव्हा दिसलं, ती चार दिवस त्या घरात उंबऱ्याच्या आत झोपलीच नव्हती. आयुष्य जाळीच्या पिंजऱ्यात गेलेलं, गुळगुळीत फरशीवर पाय फाकायचे, जिना म्हणजे काय माहीत नाही, मिक्सर लागला की मोरीत. वस्तादांना वाटलेलं आळशी आहे. काकूंनी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाट अंथरलं, अगदी पायवाट केली, आणि वर्षाची चटणी बहिणीच्या घरी करायला नेली, जी कोल्हापुरात काही साधी गोष्ट नाही. दत्तक घेणारे तीन-तीन-तीन म्हणतात, तीन दिवस भीती, तीन आठवडे ओळख, तीन महिने घर. भावा आठव्या दिवशी गोणपाटावरनं चालत चुलीपाशी आली आणि काकूंच्या पायावर हनुवटी टाकून घोरायला लागली. गल्लीत कुणी कुणाला "ए भावा" म्हटलं की मात्र झोपेतनं उठून बघते, म्हणजे दिवसातनं शंभर वेळा.

वस्तादांना डॉक्टरांनी एक काम लावून दिलं: गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास मोजायचे, तीसच्या वर जायला लागले तर फोन करायचा. नाकपुड्या मोठ्या करायचं आणि गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन पावसाळ्यात, हवा गार झाली की.

जूनमध्ये तपासणीला आले. वजन २०.४. बाहेर धो धो पाऊस, भावा टेबलावर बसून नाकावरचं पाणी चाटतेय. डॉक्टरांनी विचारलं श्वासाची नोंद ठेवली का, तर वस्तादांनी शर्टाच्या आतनं भिंतीवरचं कॅलेंडरच काढलं, खिळ्याच्या भोकासकट. प्रत्येक चौकटीत पेन्सिलीनं आकडे. २६. २४. २८. २५. डॉक्टर बोट फिरवत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

"वस्ताद, हे दीड काय?"

"ते दुधाचं ओ," काकू म्हणाल्या. "आमच्या."