आमची हरकत आहे

परवा रात्री कॅलिफोर्नियातल्या मित्राचा फोन आला. मी तिकडे ऑनसाइटला होतो तेव्हा दर रविवारी याच्यासोबत डिस्क गोल्फ खेळायचो. म्हणाला, अरे आपला कोर्स जातोय, रिडेव्हलपमेंट करतायत. मला आधी वाटलं त्याच्या बिल्डिंगबद्दल बोलतोय, पुण्यात हा शब्द ऐकला की बिल्डर, कॉर्पस आणि दोन वर्षांचं भाडं एवढंच डोक्यात येतं ना.

माहीत नसलेल्यांसाठी, डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त बॉलऐवजी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपासची डिस्क आणि भोकाऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी बास्केट. पहिला कायमस्वरूपी कोर्स 1975 मध्ये तिकडच्याच ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिकने केला (माणूस इतका वेडा की 2002 मध्ये गेल्यावर त्याची राख डिस्कमध्ये मिसळली, त्याच्याच इच्छेने). बहुतेक कोर्स सार्वजनिक पार्कात आणि फुकट. आणि नडतं नेमकं इथेच, कारण ना भिंत ना तिकीट खिडकी, मंगळवारी दुपारी कोणी साहेब बघायला आला तर त्याला झाडं आणि 18 बास्केट दिसणार, मग 'इथे कोणी येतच नाही' असा शेरा. वर म्हणतात बास्केट दुसरीकडे लावून देऊ. अरे बास्केट लावणं दोन तासांचं काम आहे, पण सातव्या होलला ज्या ओकला वळसा घालून डिस्क टाकायची तो ओक कसा हलवणार?

हे ऐकून मला घाम फुटला, कारण आमच्या मागच्या मैदानाचंही तेच चाललंय.

मैदान म्हणजे काय, लाल माती, एकाच वेळी चार क्रिकेट मॅच आणि कडेला कडुनिंब. त्या कडुनिंबाला मी धुण्याची प्लास्टिकची टोपली बांधलीये. डिस्क तीन, त्यातल्या निळीवर मोत्याच्या दातांचे दोन खड्डे आहेत, तेव्हापासून ती जरा डावीकडेच जाते. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काय हो, ताटं काय फेकताय?" आता तेच माझ्यापेक्षा बरं पटिंग करतात, म्हणजे जवळून नेमकी टोपलीत टाकतात.

काका सर्व्हेमधून रिटायर झालेत. पेपरातली ती बोटभर नोटीसही त्यांनीच दाखवली. नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) फेरबदल, म्हणजे खेळाच्या मैदानाचं आरक्षण एका तुकड्यावरून उठवायचं, हरकती-सूचनांना एक महिना. मी म्हटलं आरक्षण आहे म्हणजे मैदान आपलंच ना? काका हसले. आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग, म्हणे. डीपी लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण खलास. आणि पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी मंजूर झाला जानेवारी 2017 मध्ये, करा हिशोब.

मित्राकडे यूडिस्क अ‍ॅप आहे, किती राउंड खेळले गेले ते तारखेसकट निघतं, तेच घेऊन ते सभेला जाणारेत. आमच्याकडे कसलं अ‍ॅप. मग काकू रोज सकाळी 6 ते 9 गेटपाशी फोल्डिंगची खुर्ची टाकून बसतात, माणूस आला की वहीत रेघ, पाचवी आडवी. वॉकवाले, क्रिकेटवाले, सायकल शिकणारी पोरं, सगळे. मी टोपलीसाठी तीनदा गेलो तर तीन रेघा मारल्या. म्हटलं काकू हे चीटिंग आहे, तर दोन खोडल्या, तोंड वाकडं करून.

हरकतीचा मसुदा ग्रुपवर टाकलाय. नुसतं फॉरवर्ड करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा, सर्व्हे नंबर घाला, दोन प्रती घ्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सोमवारी 11 वाजता काकांच्या पार्किंगमधून निघतोय, स्कूटरवर एक सीट रिकामी आहे.