गालगुंड: लेप कुठला, शेक किती आणि ताटात काय

मुलाचा गाल सुजला की आधी मागे उभं राहून त्याच्या कानाच्या पाळ्या बघा. गालगुंडात सूज कानाच्या पुढून खाली उतरते, जबड्याचा कोपरा बोटाला लागेनासा होतो आणि त्या बाजूची पाळी वर-बाहेर उचलली जाते. मानेतली साधी गाठ जबड्याच्या खाली असते, तिथे कोपरा नीट चाचपता येतो. दाढ किडून गाल सुजला असेल तर त्या दाढेवर चमच्याने हलकं टिचकलं तरी मूल कळवळतं. सुजेवरची कातडी लालबुंद, तुकतुकीत आणि गरम लागत असेल किंवा तोंडात गालाच्या आतून पू येत असेल, तर तो जंतूंचा संसर्ग असू शकतो. तिथे लेप-बिप न करता थेट डॉक्टर.

गालगुंड विषाणूमुळे होतं. कानाजवळची लाळेची ग्रंथी सुजते, ताप तीन-चार दिवस राहतो आणि सूज साधारण 7 ते 10 दिवसांत आपोआप ओसरते. ते दिवस कमी करणारं औषध ना दवाखान्यात आहे ना स्वयंपाकघरात. अँटिबायोटिकचाही विषाणूवर उपयोग नाही. घरगुती उपायांनी दुखणं कमी होतं आणि मूल खातं-पितं राहतं. दुसरा गाल दोन-तीन दिवसांनी फुगला की ‘लेप लावला म्हणून पसरलं’ असं घरात कोणीतरी म्हणतंच. तसं नसतं. विषाणू दोन्ही ग्रंथींत असतो, एक बाजू मागाहून सुजते इतकंच.

आयुर्वेदात याच्याशी जुळणारं वर्णन सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांत, ‘पाषाणगर्दभ’ नावाने येतं: हनुसंधीपाशी (जबड्याच्या सांध्यापाशी) उठलेली, घट्ट, कमी दुखणारी, वात-कफाची सूज. उपचार सांगितलाय तो आधी शेक आणि मग लेप. लेपात देवदार आणि कोष्ठ या औषधी मुळीसोबत मनःशिला आणि हरताळही आहेत. या शेवटच्या दोन वस्तू म्हणजे आर्सेनिकची खनिजं. ग्रंथात आहे म्हणून त्या घरी मुलाच्या गालावर लावायच्या नाहीत. क्रम तेवढा घ्यावा: आधी शेक, मग लेप.

शेकासाठी मूठभर जाडं मीठ आणि एक चमचा ओवा तव्यावर कोमट करून सुती कापडात पुरचुंडी बांधा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरून बघा. तिथे चटका बसला तर मुलाला दुप्पट बसेल. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा पुरे. काही मुलांना गरम नको वाटतं, विशेषतः ताप चढलेला असताना. त्यांना गार पाण्यात पिळलेला रुमाल द्या. दोन्हींपैकी मूल जे मागेल तेच बरोबर.

लेपासाठी सहाणेवर थोड्या पाण्यात रक्तचंदनाचे वीसेक वेढे आणि सुंठेचे सात-आठ. नुसती सुंठ उगाळून लावली तर लहान मुलाच्या कातडीला चरचरते आणि पुरळही उठतं, म्हणून चंदन जास्त. आधी कोपराच्या आतल्या घडीत थेंबभर लावून पंधरा मिनिटं थांबा. लाल झालं नाही तर गालावर पाव अंगुळ जाडीचा थर, खालून वर लावायचा. डोळ्यापासून लांब ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी, पूर्ण वाळायच्या आत, ओल्या कापडाने पुसून काढा. वाळलेला लेप कातडी ओढतो आणि खरवडून काढताना आधीच ताणलेला गाल दुखतो. जुन्या लेपावर नवा चढवू नये, रात्री लेप ठेवून झोपवू नये, हे शास्त्रातही सांगितलेलं आहे. व्यवहारातही बरोबरच, उशीला पुसलेला लेप सकाळी डोळ्यात सापडतो.

हळद-चुना मात्र नको. चुना अल्कधर्मी असतो, कातडी भाजते. रंगाच्या दुकानातला गेरू नको, त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. डोकेदुखीचा तीव्र वासाचा बामही गालावर चोळू नका. अशा अनेक बामांत अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं द्रव्य असतं, आणि मुलांना विषाणूच्या आजारात अ‍ॅस्पिरिन देऊच नये, मेंदू-यकृताला धोका असतो.

खरी मदत ताटातून होते. आंबट चाखलं की लाळ सुटते, सुजलेल्या ग्रंथीवर आतून ताण येतो आणि कानापर्यंत कळ जाते. म्हणून लिंबू, चिंच, आमसूल, आंबट ताक, संत्र्या-मोसंब्याचा रस आठवडाभर बंद. आजारी मूल म्हणून हौसेने मोसंबी पाजतात आणि ते किंचाळलं की ‘नखरे’ म्हणतात! चावायला लागणारी भाकरी, फरसाणही नको. मुगाचं कढण, तांदळाची पेज, मऊ गुरगुट्या भात तुपासह, दुधीची मऊ भाजी, कुस्करलेलं केळं चालतं. थोडं थोडं, दर दोन तासांनी. पाणी जवळच ठेवा. गुळण्या करता येणाऱ्या मुलाला पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कशाबरोबरही.

तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल वजनावर द्या: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. 15 किलोच्या मुलाला 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेलं सिरप 4 मिली म्हणजे 200 मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत. दुसऱ्या सिरपात तेवढ्याच 5 मिलीत 120 असतात. लेबल वाचून मगच मोजा.

जोरात डोकं दुखून उलट्या, मान ताठ होणं, गुंगी, पोटात कळा, सात-आठ तास लघवी न होणं, चार दिवसांनंतरही ताप, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना. वयात आलेल्या मुलाला वृषणात दुखलं-सुजलं तरीही. तो लाजून सांगत नाही, विचारावं लागतं. ऐकू नीट येतंय का तेही बघा: सूज उतरल्यावर एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानाजवळ कुजबुजा. एका कानाचं बहिरेपण मुलाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

सूज दिसल्यापासून पाच दिवस शाळा बंद, पेला-चमचा वेगळा. सूज यायच्या दोनेक दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवत असतं, त्यामुळे भावंडाला लागण झालेली असू शकते. त्याला साधारण 16 ते 18 दिवसांनी, क्वचित 25 दिवसांपर्यंत सूज येते. त्याचं लसकार्ड काढून बघा. सरकारी कार्यक्रमातली एमआर लस गोवर आणि रुबेलाची आहे, गालगुंडाची त्यात नाही. ती एमएमआर या तिन्ही आजारांच्या एकत्र लसीत असते. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना एमएमआर 9 महिने, 15 महिने आणि 4 ते 6 वर्षं अशी तीनदा सुचवते. आधीच लागण झाली असेल तर आता घेतलेली लस ही खेप थांबवणार नाही. न झाली असेल तर पुढच्या वेळेसाठी ती कामाला येते.