कारखाना बंद, गॅदरिंग चालू

आमच्या आईच्या साखरशाळेच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी साखर कारखान्यावर भरणाऱ्या शाळेच्या, गॅदरिंगची तारीख बाई ठरवत नसत की संस्था ठरवत नसे. ती ठरायची कारखान्याच्या क्लिनिंगवर. हंगामात गाळप रात्रंदिवस चालतं, पण अधूनमधून यंत्रं साफ करायला कारखाना थांबवावाच लागतो. त्या दिवशी ऊस नको, म्हणून तोड बंद. दिवाळीच्या आगेमागे आलेल्या ऊसतोड्यांना मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हक्काची म्हणावी अशी सुट्टी तेवढीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होते, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारे, त्यामुळे बातमी आधी आमच्या घरात यायची. सायकल भिंतीला लावता लावता ते म्हणायचे, "परवा बंद आहे. उरकून घ्या तुमचं." मग आईची जी धांदल उडायची!

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं, नगर जिल्ह्यातलं. कारखान्यामागच्या माळावर ऊसतोड्यांचा तळ पडायचा. आष्टी, पाटोदा, धारूर, शिरूर कासार, इकडचं पाथर्डी, अशा दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या यायच्या. येताना बैल, कोंबड्या, ज्वारीची पोती, म्हातारी माणसं आणि लेकरं असं सगळंच बरोबर. कारखाना बांबू नि चटया द्यायचा, त्यांच्या कोप्या उभ्या राहायच्या. ते वाटपाचं काम आजोबांकडे होतं. कोणाला किती चटया दिल्या हे ते वहीत लिहून ठेवत, आणि पट्टा पडल्यावर निम्म्या परत आल्या नाहीत म्हणून दर वर्षी तितक्याच जोरात ओरडत. आजी बाळंतिणींकडे बघायची. थोडक्यात, आमचं सगळं घरच तळावर कामाला होतं. पगार फक्त अण्णांना होता. आईला साखरशाळेचं मानधन मिळे, तेही हंगाम संपून उन्हाळा लागल्यावर.

तोडणीचा दिवस पहाटे तीन-साडेतीनला सुरू होई. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्याने तोडायचं, बायकोने पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, आणि मग दोघांनी डोक्यावरून गाडीत भरायच्या. हंगामाआधी टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हे चालायचं. मागे कोपीत राहायची ती लेकरं, आणि त्यांच्यात जी थोरली असेल तिच्या कडेवर धाकटं. आईच्या शाळेत दुसरीच्या वर्गात सहा महिन्यांची बाळंही असायची. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी यांची नावं पटावर का नाहीत असं गमतीने विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "घालते की, पण मग खिचडी द्या त्यांनाही."

तर गॅदरिंग. दोन टायरगाड्या शेजारी शेजारी लावून, खाली दगडांची टेकणं देऊन स्टेज व्हायचं. मागचा पडदा म्हणजे मुकादमाची ताडपत्री. ती निळी असल्यामुळे आमच्या सगळ्या फोटोंत शिवाजी महाराज, शेतकरी आणि परी एकाच निळ्या आभाळाखाली उभे आहेत. दिवे कारखान्याच्या वायरमनकडून मिळत. त्याला चहा पाजावा लागे, आणि त्याच्या मेहुण्याला माइकवर एक गाणं म्हणू द्यावं लागे. मेहुणा भयंकर गायचा, पण लाइट गेली नाही कधी.

कार्यक्रम रात्री आठनंतर. सुट्टी असली तरी बायांची सुट्टी कसली! सकाळपासून कपडे, केस धुणं, लेकरांना चोळून आंघोळी, दुपारी आठवड्याचा बाजार, मग भाकऱ्या. तरी त्या यायच्या, नवीकोरी लुगडी नेसून पुढे बसायच्या. बैलांच्या घुंगरांचे चाळ सोडून मुलांच्या पायात बांधलेले असत, त्यामुळे नाच कुठलाही असो, आवाज जत्रेतल्या शर्यतीचा. बंजारा तांड्यावरच्या मुली त्यांच्या गोरमाटी बोलीत गाणं म्हणत. त्यातलं आम्हाला काही कळायचं नाही, पण दुसऱ्या कडव्याला त्यांच्या आया उठून नाचायला लागत आणि कार्यक्रमपत्रिकेचे बारा वाजत.

सगळ्यांत गाजायची ती नक्कल. दर वर्षी कोणी ना कोणी पोरगा मुकादम व्हायचा. उपरणं, खिशाला पेन, हातात वही. "उचल फिटली का? नाही फिटली. खाडे किती? लई. मग पुढच्या साली या परत!" माणसं हसून लोळायची, आणि खरा मुकादम पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचा. अण्णांना ही नक्कल आवडत नसे. "हसून विषय संपवतात," म्हणायचे. आईचं म्हणणं, त्याच्या तोंडावर एवढं तरी आणखी कुठे बोलता येतं यांना? हा वाद त्यांच्यात अजून मिटलेला नाही. मी आईच्या बाजूची.

बक्षीस मात्र सगळ्यांना. एक वही, एक पेन्सिल आणि कागदाच्या पुड्यात साखर. हजेरीसाठी आईने काय काय करून पाहिलं होतं, पण गॅदरिंगची तालीम सुरू झाली की वर्ग जितका भरायचा तितका एरवी कधीच नाही. पट्टा पडला की शाळा एका रात्रीत रिकामी होई. वार्षिक परीक्षा द्यायला कोणी उरायचंच नाही. तेव्हा आई प्रत्येकाच्या हातात एक कागद द्यायची, हा मुलगा इतके महिने शाळेत होता, एवढं वाचतो, एवढी गणितं करतो. गावातली शाळा तो कागद मानेलच असं नाही.

लेझमीच्या पथकात पुढे असायची ती एक मुलगी मला पक्की आठवते. डाव उचलायची ती अशी की मागची रांग आपोआप सुधारायची. पुढच्या हंगामात तीही आली, पण शाळेत नाही. लग्न झालं होतं, आता ती अर्धा कोयता होती. चौदा-पंधरा वय असेल. त्या वर्षीच्या गॅदरिंगला ती प्रेक्षकांत बसली आणि लेझीम सुरू झाल्यावर उठून गेली. आईने तिच्या सासऱ्याला बोलावून घेतलं, काय बोलली ते आम्हाला कधी सांगितलं नाही. फरक पडला नाही, एवढं खरं.

२०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. मुलांनी नेहमीच्याच शाळेत जावं असं ठरलं आणि साखरशाळा एकेक करून बंद झाल्या. आता बरीच मुलं गावाकडे हंगामी वसतिगृहात राहतात, आजी-आजोबांच्या आसपास. शिक्षणाच्या दृष्टीने ते बरं, कारण शाळा मध्येच तुटत नाही. पण तिथल्या गॅदरिंगला आई-बाप नसतात. ते तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, फडात.

मागच्या हंगामात आईला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. एके काळचा नकलेतला मुकादम. आता स्वतः कोयता घेऊन कर्नाटकात गेलेला. ट्रॉली भरता भरता त्याने पोराचा नाच व्हिडिओ कॉलवर पाहिला होता. पण फोन कौतुकाचा नव्हता, तक्रारीचा होता. "बाई, तुम्ही सगळ्यांना वही द्यायच्या. इथं पहिल्या तिघांनाच दिली. माझं पोरगं रडत झोपलं."

आईचं वय आता सत्तरीपुढे. तिने चष्मा शोधला, मुलाच्या सरांचा नंबर लिहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधीच, त्यांना फोन लावला.