वेताच्या जाळीत अडकलेलं रसग्रहण

रसग्रहणाच्या वर्गात माझ्या वाट्याला पिकासोचं १९१२ सालचं वस्तुचित्र आलं. लंबगोल कॅनव्हास, खाली वेताच्या खुर्चीची जाळी, वर चिरफळ्या उडालेल्या वस्तू. पेला, पाइप, सुरी, लिंबाची चकती हे पटापट सापडलं. क्यूबिझममध्ये एकच वस्तू वरून, समोरून, बाजूने एकदम दाखवतात, एवढं ठाऊक असलं की पुरतं.

अडले ती जाळीपाशी. बाकी सगळं मोडून टाकणारा माणूस जाळी एवढी हुबेहूब का रंगवतो? वेत न् वेत, सावलीसकट. 'ओळखीच्या जगाची शेवटची खूण' असलं काहीबाही लिहून दिलं. टिपण परत आलं, वर तांबड्या शाईत एकच शब्द, 'पाहा'. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. दोन आठवडे गेले. अजून राग येतो. मी तासन्‌तास पाहतच तर होते! काय पाहायचं, एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

शेवटी चांगल्या छपाईतलं मोठं चित्र मिळालं. डोळे जाळीजवळ नेले, तर तिथे कुंचल्याचा मागमूसही नाही. वेताची नक्षी छापलेलं मेणकापड कापून चिकटवलेलं, आणि त्यावरून रंगाचे पट्टे ओढलेले! म्हणजे जे सर्वांत खरं वाटत होतं ते यंत्रावर छापलेलं, आणि जे मोडकंतोडकं दिसत होतं तेच हाताने रचलेलं. त्या रात्री टिपण एका बैठकीत झालं. त्याचा मला अभिमान आहे.

तुम्ही असं चित्र घेऊन बसलात तर अर्थाच्या मागे लागण्याआधी हे रंगवलंय की चिकटवलंय ते बघा. मापही आधीच बघून ठेवा. पॅरिसच्या पिकासो संग्रहालयातलं मूळ चित्र जेमतेम २९ बाय ३७ सेंटिमीटर आहे, मी ते भिंतभर समजत होते. आणि हो, अक्षरं वाचायचीच. यात जे, ओ, यू आहेत. फ्रेंचमध्ये वर्तमानपत्राला 'जुर्नाल' म्हणतात, त्याची ही सुरुवात, आणि 'खेळणे' या क्रियापदाचीही. दोन्ही अर्थ राहू द्यावेत.

कडेचा दोर मात्र मी सगळ्यात शेवटी पाहिला. चौकटीची नक्षी समजून सोडून दिला होता. तो खरा दोर आहे, कॅनव्हासभोवती गुंडाळलेला. त्याच्यामुळे लंबगोल म्हणजे वरून पाहिलेलं टेबल, असं वाचता येतं. मग जाळी खुर्चीची की टेबलावर अंथरलेल्या मेणकापडाची? माझं मत मेणकापडाकडे.