१२८ कोरी पानं

आज सकाळी टेबलाचा खालचा खण उघडला आणि भाचीनं दिलेली वही बाहेर काढली. जुन्या मऊ ओढणीत गुंडाळून ठेवली होती. दोन वर्षं झाली असतील. आत एक अक्षर नाही. तारीखसुद्धा नाही.

भाची डिझाइन शिकते. नेमकं काय शिकते हे मला पहिल्या वर्षी कळलं नाही आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही. आधी ती कागद चुरगळायची आणि त्या चुरगळ्याचं चित्र काढायची. मग तारा वाकवायला लागली. मग लिनो आला, म्हणजे कोरून ठसे छापायचा मऊ तुकडा. ‘वही’ ही दोन अक्षरं तिनं सबंध रविवार खपून लिनोवर कोरली, शाई फिरवली, कागद दाबून उचलला, तर सगळं उलटं. छापायचं तर उलटं कोरावं लागतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण हाताला सुलटं लिहायची सवय, तो आपला त्याच्या वळणानं गेला. तो कागद तिनं फेकला नाही. ‘आरशासमोर धर ना,’ म्हणाली.

त्यानंतर वह्या सुरू झाल्या. ओढली की हातभर उलगडणारी घडीची वही, काडेपेटीत मावणारी वही, कडेला चार भोकं पाडून शिवलेली जपानी वही. घरात जी जी जड वस्तू होती तिच्याखाली काहीतरी दाबायला ठेवलेलं असायचं. शब्दकोश उघडायची चोरी. इस्त्री करायची म्हटलं तर ‘मावशी, आत्ता नको, अजून वाळलं नाहीये.’ खळीचं भांडं, टोचा, मेणाचा तुकडा आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या. त्या पट्ट्या फेकायच्या नाहीत, कारण कशाला तरी लागतात. कशाला ते अजून कुणाला कळलेलं नाही.

एकदा फोनवर म्हणाली, “मावशी, आज आठ सिग्नेचर झाल्या!”

मी म्हटलं, “कशावर गं? नीट वाचून केल्यास ना?”

ती बराच वेळ हसत होती. चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की त्याला सिग्नेचर म्हणतात. छापखान्यातली माणसं फॉर्म म्हणतात ते हेच. एकात सोळा पानं, तशा आठ. ती माझी वही होती, एवढं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शिवताना मात्र मी तिच्याशेजारी बसले होते. दोरा आधी मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढायचा, म्हणजे त्याचा गुंता होत नाही आणि तो जागच्या जागी धरून राहतो. मग सुई घडीच्या आतून बाहेर, खालच्या फॉर्मच्या टाक्याच्या गळ्यातून एक फेरा घेऊन पुन्हा त्याच भोकातून आत. दर वेळी दोरा कण्याच्या दिशेनं ओढायचा, वर नाही. वर ओढला की कागद फाटतो. हे ती मला सांगत होती आणि सांगता सांगता तिनं वर ओढला. कागद फाटला. ती काही बोलली नाही. पातळ कागदाची बोटभर पट्टी कापली, खळ लावून घडीला आतून चिकटवली आणि पुढे शिवायला घेतलं. ती पट्टी तिसऱ्या फॉर्ममध्ये अजून आहे. बोट फिरवलं की लागते. त्या वहीत मला सगळ्यांत आवडते ती जागा तीच.

या शिवणीला कॉप्टिक बांधणी म्हणतात. इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांची ही जुनी रीत. कणा झाकत नाहीत, त्यामुळे पाठीवर वेणीसारखी साखळी उघडी दिसते, आणि वही कुठेही उघडा, सपाट पडून राहते. बाजारच्या वहीसारखी मिटायला धावत नाही.

तिची पहिली वही होडीसारखी वाकली होती. दोष शिवणीचा नव्हता, कागदाचा होता. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एका दिशेनं आडवे होतात. दमट हवेत ते लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. म्हणून तंतू कण्याला समांतर असावे लागतात, नाहीतर पानं कण्यापाशी चुण्या घालतात आणि पुठ्ठे वाकतात. आणि गंमत अशी की एफोर कागदात तंतू बहुधा लांबीच्या बाजूनं असतात. तो सरळ निम्मा दुमडून वही केली की ते नेमके आडवे येतात. म्हणजे आपल्यासारखा कुणीही माणूस सहज जी घडी घालेल ती चुकीची. तेव्हापासून ती कुठलाही कागद हातात आला की आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं हलकेच वाकवून बघते. कमी अडवतो ती त्याची बाजू. लग्नाची पत्रिका आली तरी आधी वाकवून बघते, मग कुणाचं लग्न ते वाचते.

एवढी निगुतीनं केलेली वही हातात आली आणि माझं लिहिणंच बंद पडलं.

नव्या वहीचं पहिलं पान मी कधीच लिहीत नाही. शाळेपासूनची खोड. पहिलं पान सोडायचं, दुसऱ्यावर लिहायचं. मग दुसऱ्याचं अक्षर आवडलं नाही की ते फाडायचं, म्हणजे जोडीचं पानही सुटणार. पण ही वही फाडता येत नाही. एक पान ओढलं तर साखळी सैल पडेल. मग काय लिहायचं इथे? कविता लिहावी तर मी कविता करत नाही. सामानाची यादी लिहावी तर त्या टाक्यांचा अपमान. एकदा पेन उघडून बसले होते तासभर. शेवटी वही ओढणीत गेली आणि यादी पाकिटाच्या पाठीवर.

आईचं असं नव्हतं. शाळेचं वर्ष संपलं की ती आमच्या जुन्या वह्या घेऊन बसायची. उरलेली कोरी पानं काढायची. एकरेघी, दुरेघी, चौकटीची, सगळी एकत्र. ठोकून ठोकून एक कड जुळवायची, दाभणानं तीन भोकं आणि पोत्याचा दोरा. दुसरी कड कधीच जुळलेली नसायची. चौकटीच्या पानावर निबंध यायचा आणि दुरेघीवर गणितं. त्या वह्यांना कुणी जपलं नाही, म्हणून त्या भरल्या. समासात भरल्या, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही भरल्या. आईचा हिशेब, माझे पाढे, कुणाचा तरी फोन नंबर, भावानं काढलेली मिशी. त्यातली एकही आज घरात नाही.

आणि तिकडे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एक चिमुकलं पुस्तक आहे, जेमतेम १३८ मिलिमीटर उंच. सेंट कथबर्ट गॉस्पेल, म्हणजे बायबलातलं एक शुभवर्तमान. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि शिवण हीच, कॉप्टिक. भाचीनं फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं मागच्या महिन्यात कुणीतरी केलं असेल, इतकं धड. ते एका संताच्या शवपेटीत ठेवलेलं होतं. ११०४ साली पेटी उघडली तेव्हा सापडलं. इतकी वर्षं कुणी वाचलं नाही, म्हणून वाचलं.

मला हे पटलं होतं. खणातल्या ओढणीला एकदम प्रतिष्ठा आली. पण भाची थांबते कुठे? तिनं लगेच दुसरी गोष्ट सांगितली. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ एका रांजणात चामड्याच्या बांधणीची बारा पुस्तकं आणि तेराव्याची काही पानं सापडली. त्यांची कव्हरं कडक व्हावीत म्हणून आत रद्दी भरलेली होती, म्हणजे जुनी पत्रं, हिशेब, करारमदार. एका कव्हरातल्या रद्दीवर सन ३४८ ची तारीख निघाली आणि त्यावरून ते पुस्तक त्याच्या आधी बांधलेलं असू शकत नाही हे ठरलं. आतला पवित्र मजकूर तारखेबद्दल गप्प, आणि बोलली ती रद्दी. मला त्यावर आईची वही आठवली. मिशीसकट. तिला मात्र मी काही बोलले नाही.

तर आज वही बाहेर का काढली, ते.

काल तिचा फोन आला. शेवटचं वर्ष आहे, सगळं काम मांडून दाखवायचं आहे. बाहेरून तपासायला आलेल्या कुणीतरी आधीच्या फेरीत तिची सगळी वह्यांची रांग बघून विचारलं होतं, “छान आहेत. पण यात लिहितं कोण?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या कोऱ्या. तिलाही तिच्या वह्यांत लिहवत नाही, हे मला कालच कळलं.

“मग मला तुझी आठवली,” ती म्हणाली. “तू वापरतेस ना गं ती? किती भरली?”

मी म्हटलं, “बरीच.”

“खराब झालीय?”

“चांगलीच.”

“मावशी, तू ग्रेट आहेस. बुधवारी न्यायला येते.”

आज सोमवार. सकाळपासून अकरा पानं झाली आहेत. पहिलं सोडलं, ते सोडूनच. विजेचं बिल, भिंगाच्या चष्म्याचा नंबर, एक स्वप्न, कुणाला किती देणं आहे, पाऊस पडला त्या दिवशीच्या दोन ओळी. पुठ्ठ्यावर कपाचा गोल उठवला. तो जरा जास्तच मधोमध आला. कोपरे दुमडून बघितले, पण तंतूंच्या दिशेविरुद्ध दुमडले की काय, लगेच सरळ होतात.

अडचण वेगळीच आहे. निळं पेन मिळालं, पण दोन वर्षांचं लिहिणं एकाच शाईत कसं दिसेल? काळं कुठेतरी होतं. खणात नाही. शब्दकोशाखालीही नाही.