पुण्याहून हर्णै: बंदरावरची मासळी, वीज आणि भरतीचा हिशोब

पुण्यात बसून दापोलीजवळच्या हर्णै बंदराचे जे व्हिडिओ बघायला मिळतात त्यांत तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. लिलावात मासळी मातीमोल मिळते, पुण्याहून पाच तासांत पोचता येतं, आणि समुद्रासमोर लॅपटॉप उघडून आठवडाभर आरामात काम करता येतं. सहा दिवस तिथे राहून, रोज आठ तास काम करून आणि चार वेळा बंदरावर जाऊन आल्यावर सांगतो: तिन्ही गोष्टी अर्धवट आहेत. त्यातली पहिली तर सरळ खिशाला चाट लावणारी आहे, म्हणून आधी तीच.

हर्णैचा लिलाव घाऊक आहे. सकाळी एकदा होतो आणि दुपारी चारनंतर पुन्हा; संध्याकाळचा मोठा. बोटी आत पाण्यात नांगरलेल्या असतात. तिथून माल छोट्या होड्यांत उतरतो आणि पाण्यात घातलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर येतो. बैलांच्या पोटाला पाणी लागेपर्यंत गाडी आत जाते, क्रेट चढतात, गाडी वळते. वाळूवर ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगाभोवती आठ-दहा जणांचं कडं पडतं. बोली कधी किलोवर असते, कधी नगावर, कधी अख्ख्या ढिगावर. बाहेरून आलेला माणूस कड्याच्या मागे उभा राहून ‘तीनशे’ ऐकतो आणि तो किलोचा भाव समजून खूश होतो. तो आकडा कशाचा आहे हे कडं जाणतं, आपण नाही. शिवाय घेतला तर अख्खा ढीग घ्यावा लागतो. दोन किलो सुरमईसाठी तिथे कोणी थांबत नाही आणि त्यांनी थांबावं अशी अपेक्षाही करू नये. त्या बायका आणि व्यापारी रोजीरोटीसाठी उभे आहेत.

आपल्याला मिळते ती मासळी लिलावातून उचलून शेजारीच वाटे लावून बसलेल्या बायकांकडे. तिथला भाव पुण्यापेक्षा कमी असतो, पण मातीमोल अजिबात नसतो. मोठं पापलेट आणि शेवंड (लॉबस्टर) यांना तर बाहेरच्या बाजाराचाच भाव लागतो, कारण चांगला माल तसाही गाडीत भरून मोठ्या शहरांकडे आणि निर्यातीला जातो. खरा फायदा बांगडा, मांदेली, बोंबील, मध्यम कोळंबी आणि म्हाकूल (स्क्विड) यांत आहे. पापलेटासाठी पुण्याहून दोनशे किलोमीटर जाऊ नका.

आता फसवणूक कुठे होते ते. बंदरावर उतरलं की कोणीतरी गाठतो, ‘साहेब, लिलावातून घेऊन देतो’ म्हणतो. हा माणूस लिलावात बोली लावत नाही. बाजूच्या टपातला माल तो स्वतःची भर घालून देतो. वरचे दोन मासे आजचे, खालचे बर्फातले. सरळ नाही म्हणा आणि वाट्यांकडे चालू लागा. मावशींशी नीट बोललं की भाव नीट निघतो. तीन जणींकडे विचारा, पण हातात घेऊन भाव पाडून निघून जाऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच मावशी समोर असतात आणि त्यांना चेहरे लक्षात राहतात.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र वेगळाच आहे: ‘आत्ताच उतरलंय, म्हणजे ताजं’. मोठा ट्रॉलर समुद्रात कित्येक दिवस राहतो. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा तेवढे दिवस बर्फाच्या कप्प्यात असतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर वाळूवर उतरतो. छोटी बोट पहाटे जाऊन त्याच दिवशी परतते. म्हणून भाव विचारायच्या आधी विचारायचं ते हे: ‘मावशी, बोट कधी गेली होती?’ उत्तर काहीही आलं तरी मासा हातात घ्या. कल्ला उचलून आत लाल आहे का बघा. तपकिरी किंवा चिकट असेल तर ठेवून द्या. पापलेट कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबा. पांढरं पाणी आलं तर घ्या, लालसर किंवा पिवळसर आलं तर नको. सुरमईचं अंग दाबून बोट काढल्यावर खळगा राहता कामा नये. कोळंबीचं डोकं सैल झालं असेल किंवा काळं पडू लागलं असेल तर ती कालची किंवा परवाची. बोंबील जितका चकचकीत आणि गुलाबी तितका चांगला.

वजनाचंही आधी ठरवून घ्या. भाव साफ करण्यापूर्वीच्या वजनावर असतो, आणि सालासकटची कोळंबी सोलल्यावर जवळजवळ निम्मी होते. ‘सोललेली’ आणि ‘सालाची’ यांचे भाव एका दमात सांगितले जातात, तिथे घोटाळा होतो. साफ करून देण्याचे पैसे वेगळे. तेही आधी विचारा. राहत्या घरी मासे शिजवून देणारे बरेच आहेत. ते किलोवर पैसे घेतात, पण कुठे तेल-मसाल्यासकट, कुठे मसाला वेगळा आणि भाकरी-भात वेगळा. हे न विचारल्यामुळे बंदरावर वाचवलेले पैसे स्वयंपाकात जातात. थाळीच्या ठिकाणी पापलेटचा दर ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं दिसलं तर तळण्याआधी मासा दाखवायला सांगा आणि आकडा बोलून घ्या.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना राज्यात मासेमारी बंदी असते. त्या दोन महिन्यांत हर्णैला लिलाव बघायला जाणं व्यर्थ. ताटात येईल ते खाडीचं, नाहीतर फ्रीझरमधलं. ऑगस्टमध्ये बंदी उठते, पण समुद्र खवळलेला असला तर बोटी बाहेर पडत नाहीत. बरेच जण नारळी पौर्णिमेनंतरच निघतात. मासळी आणि काम दोन्ही साधायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात दमट हवेत लॅपटॉपसमोर बसवत नाही.

रस्त्याबद्दल. ‘पाच तास’ हे पहाटे चारला निघणाऱ्या, न थांबणाऱ्या माणसाचं गणित आहे. ताम्हिणीमार्गे माणगाव, मग आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड, दापोली आणि हर्णै असं सुमारे दोनशे किलोमीटर पडतं. साडेसहा-सात तास धरा. पिरंगुट किंवा पौडला टाकी भरून घ्या, घाटात पंप शोधत बसू नका. शनिवारी सकाळी नऊनंतर माणगावच्या बाजारपेठेत शिरलात तर तिथेच पाऊण तास गेला. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी पूर्वी बंद राहिलेला आहे, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी घरमालकाला फोन करून पूल चालू आहे ना एवढं विचारा. बंद असेल तर महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड-भरणे नाका, दापोली. पंचवीस-तीस किलोमीटर जास्त, पण बोगद्यामुळे जुना कशेडी घाट टळतो आणि गाडी चालवणाऱ्याला हाच रस्ता कमी थकवतो. वरंध घाटाचा विचार पावसाळ्यात करूच नका.

एक चूक हमखास होते. मंडणगड सोडल्यावर फोनवरचा नकाशा केळशी-आंजर्ल्याकडून किनाऱ्याचा जवळचा रस्ता दाखवतो. दिवसा, रिकाम्या पोटी, छोट्या गाडीने ठीक. अंधारात अजिबात नाही. एकाच गाडीपुरता डांबरी पट्टा, कडेला खचलेली साइडपट्टी, चढावर आंधळी वळणं, आणि समोरून एसटी आली की मागे घ्यायची ती तुम्हीच. शेवटी आंजर्ल्याचा पूल ओलांडला की पाजपंढरीची वस्ती लागते. तिथे रस्ता म्हणजे लोकांचं अंगणच. जाळी पसरलेली असतात, ती तुणायला, म्हणजे फाटलेली सांधायला, माणसं बसलेली असतात. जाळ्यावरून चाक गेलं तर नुकसान हजारोंचं होतं, त्यामुळे काच खाली करून विचारत विचारत जा. सूर्यास्तानंतर पोचणार असाल तर निमूटपणे दापोलीवरून उतरा.

एसटीने जायचं तर स्वारगेटहून दापोली, पुढे हर्णैची एसटी किंवा वडाप. सामान जास्त नसेल तर हा प्रवास गाडीपेक्षा स्वस्त आणि कमी कटकटीचा आहे. येताना मासळीचा गळका डबा घेऊन मात्र चढू नका.

काम. दापोली वर पठारावर आहे आणि किनाऱ्याची गावं उताराच्या पायथ्याशी. मध्ये डोंगर, वर नारळ-पोफळीची दाट वाडी, म्हणजे फोनची रेंज फाटकापाशी दोन काड्या आणि खोलीत शून्य. मुरुड-कर्द्याच्या वाड्यांतली घरं सुंदर आहेत, पण व्हिडिओ मीटिंग असणाऱ्याने आधी हर्णै बाजाराच्या आसपास किंवा दापोलीत खोली बघावी. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम न्या. घरमालक ‘वायफाय आहे’ म्हणतात ते खरं असतं, पण विचारायचा प्रश्न तो नाही. वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का, हा प्रश्न आहे. बहुतेक घरी इन्व्हर्टर असतो आणि त्याच्या लाइनवर फक्त दिवे आणि पंखे असतात. प्लग पॉइंट मेन लाइनवर. म्हणजे पंखा फिरत असतो आणि राउटर मेलेला असतो. उपाय साधा आहे: राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुण्याहून न्या (आधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा फोटोत मागवून घ्या) आणि लॅपटॉपसाठी ६५ वॅटची, टाइप-सीची पॉवर बँक. २०,००० एमएएचची बँक साध्या कामाला तीन तासांच्या आसपास पुरते. वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते आणि हॉटस्पॉटचा आधारही जातो. अशा वेळी दापोलीला चढणं हाच मार्ग, अर्ध्या तासाचा. दहा मीटरची एक्स्टेंशन वायर विसरू नका.

लॅपटॉप किनाऱ्यावर उघडू नका. वाऱ्याबरोबर खारट तुषार येतात, पंख्याच्या जाळीतून आत जातात आणि पितळी-तांब्याच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो. रात्री लॅपटॉप झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवा.

भरतीचं वेळापत्रक अ‍ॅपवर मिळतं, पण रेंज नसताना जुना हिशोब कामाला येतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. हे न बघता ओहोटीच्या कडक वाळूवर गाडी नेणारे आठवड्याला दोन-तीन तरी रुततात, आणि मग ट्रॅक्टरवाला म्हणेल तो आकडा द्यावा लागतो, कारण मागून पाणी चढत असतं.

हर्णैसमोर समुद्रात असलेल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यासाठीही हेच, भरती बघूनच जा. बोटीचे पैसे माणशी की अख्ख्या बोटीचे, किल्ल्यावर उतरवणार की नुसती फेरी, आणि वर किती वेळ थांबणार, या तीन गोष्टी पाय बोटीत ठेवण्याआधी बोलून घ्या. ‘डॉल्फिन फेरीत किल्लाही’ याचा अर्थ पुष्कळदा लांबून दाखवणं असा असतो. डॉल्फिन न दिसले तरी पैसे परत नाहीत. किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तेव्हा फोन आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत. वर दुकान नाही. पाणी माणशी दोन लिटर न्या आणि पूर्ण पायाची पँट घाला, झाडी माजलेली असते. अगदी जवळ जाईपर्यंत महादरवाजा दिसत नाही. तिथे पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या तटात मारुती आहे, दोन्ही नीट बघा. १७५५ साली नानासाहेब पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला. त्या तटाखाली पाण्यात उभं राहिलं की आंग्र्यांचं बळ काय होतं ते अंगावर येतं. तिथे जाण्यासाठी घेतलेला सगळा त्रास सार्थकी लागतो.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचा केशवराज, मुरुडचा किनारा: जा, छान आहेत.

रोख पैसे दापोलीतच काढा. बंदरावर यूपीआय चालतं, पण रेंज गेली की मावशी आणि आपण दोघंही फोनकडे बघत उभे. काही दुखलं-खुपलं तर उपजिल्हा रुग्णालय दापोलीला आहे.

मासळी पुण्यापर्यंत न्यायची तर खरेदी शेवटच्या दिवशी सकाळच्या लिलावानंतर. पाच किलो मासळीला पाच किलो बर्फ, यात काटकसर नको. बर्फ फोडलेला हवा. लादीचे मोठे तुकडे माशाला नीट चिकटत नाहीत आणि मधली हवा गरमच राहते. बर्फाच्या कारखान्यातून गोणीत घ्या, तिथे तो चांगला मिळतो. मोठ्या माशांचे कल्ले आणि पोट साफ करून घ्या, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते, पण तुकडे पुण्यात करा. थर्माकोलच्या डब्यात खाली चार बोटं बर्फ, मग मासे, मग बर्फ, सगळ्यात वर पुन्हा बर्फ. तळाशी एका कोपऱ्यात भोक पाडून बूच लावा. माणगावला थांबाल तेव्हा साचलेलं पाणी काढून टाका. मासा वितळलेल्या पाण्यात बुडून राहिला की चव उतरते आणि मांस मऊ पडतं, आणि मग लोक दोष मासळीला देतात. कोळंबी वेगळ्या पिशवीत, बर्फाशी थेट न भिडता.

निघताना दुपारी एकच्या आत हर्णै सोडा, म्हणजे ताम्हिणी उजेडात पार होईल. रविवारी टाळता आलं तर टाळाच. मुळशीची सगळी गर्दी त्याच वेळी परतत असते आणि भूगावच्या कोंडीत डब्यातला बर्फ संपतो. घरी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी मासळी त्याच रात्री धुऊन, एका वेळच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका. सुरमईचे तुकडे पुसून कोरडे, एकेक वेगळा गुंडाळून. कोळंबी मात्र डब्यात पाण्यात बुडवून गोठवा. महिन्याने काढली तरी कोरडी पडत नाही.