तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो रंगीत करून का देत नाही?

मी जुने फोटो स्कॅन करून देते. गणपतीला चाकरमानी आले की ठरलेला प्रश्न: ‘पणजोबांचा दुसऱ्या महायुद्धातला फोटो मोबाइलवर मिनिटात रंगीत होतो, तुम्ही का करून देत नाही?’ कारण छातीवरच्या पदकांच्या फिती बिघडतात. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटतानाची नोंदवही, वाळवीने खाल्लेल्या घरात माणूस कुठल्या आघाडीवर होता, हे त्या फितीच सांगतात.

इटली स्टार, म्हणजे इटलीच्या आघाडीचं पदक; त्याची फीत म्हणजे लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे. ब्रह्मदेशच्या बर्मा स्टारला मधोमध रुंद लाल, दोन्हीकडे गडद निळा, त्यात नारिंगी रेघ. लाल रंग न टिपणारी जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असेल तर लाल जवळजवळ काळा उमटतो, निळा उलट फिकट. ॲप अंदाजाने रंग ओततं. पोस्टकार्डावरच्या उभ्या फोटोत सव्वा इंची फीत जेमतेम दोन मिलिमीटर भरते; ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं तर तिच्यावर २४ ठिपके, १२०० ला ९५च्या आसपास. तेव्हा कुठे पट्टे मोजता येतात.

गुहागरकडच्या एका घरात यावरूनच वाजलं. घरात सगळे म्हणायचे, ‘ब्रह्मदेशात होते.’ फोटो चिऱ्याच्या भिंतीवर, काचेला चिकटलेला. नातू सुरी घेऊनच बसलेला. जिलेटिनचा थर पावसाळ्यात फुगतो आणि वाळताना डिंकासारखा काच धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर, कागद हातात. काचेसकटच बाहेर काढला. साधा, पातळ सीआयएस प्रकारचा स्कॅनर फोटोवरच्या काचेपलीकडचं धूसर टिपतो, म्हणून कॅमेरा फोटोला समांतर, दोन दिवे ४५ अंशांवर, आणि काळ्या कापडाच्या भोकातून लेन्स, म्हणजे काचेत प्रतिबिंब नाही. कॅमेऱ्याची कच्ची (रॉ) फाइल, मग तपशील न गमावणारी १६ बिट टिफ. फितीवर पाच सारखे पट्टे, त्यातले दोन लख्ख. इटली! हे पदक १९४५चं, म्हणजे फोटोही त्याआधीचा नाही. माणगावजवळच्या पळसगावचे सैनिक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीतच लढताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. तरी या घरात इटलीचं नाव नव्हतं.

नातवाच्या ॲपने फितीच्या जागी तांबूस ठिगळ केलेलं, वर मिशी दाट. आजी म्हणाल्या, ‘रंगीतच लावा. मिशी होतीच त्यांची तशी.’ यावर काय बोलणार?

पूर्वी मीच म्हणायचे, रंग असला की पोरं थांबून बघतात. ते खोटं नाहीच. हवाच असेल रंगीत, तर मूळ स्कॅन वेगळा ठेवा, पाठीमागच्या शिक्क्यांसकट, आणि फ्रेममागे चिठ्ठी डकवा: ‘रंग यंत्राने भरलेत.’ आजींनी ती डकवू दिली नाही.